मासेमृत्यूनंतरची ओढ्याच्या पाण्याची तपासणी (ठाणे व नवी मुंबई)

प्रदूषणामुळे ओढ्यात, नाल्यात किंवा खाडीच्या फाट्यात मासे एकाएकी मेल्यावर, ते कशाने मेले आणि तो घटक कोठून आला हे ठरवण्यासाठी पाणी, गाळ व मासे यांची केलेली तपासणी. नेहमीच्या पाणी-परीक्षणाहून ती अवघड असते, कारण ज्या पाण्याने मासे मारले ते तपासणीच्या वेळी बहुधा तेथे उरलेले नसते. प्रवाह सेकंदाला ०.३ मीटर इतका संथ असला तरी पाणी तासाभरात एक किलोमीटरच्या पुढे जाते. पारसिकच्या डोंगरातून उतरून औद्योगिक वसाहतीतून ठाणे खाडीला मिळणारे नाले आखूड आहेत. सकाळी मासे तरंगताना दिसले आणि बाटल्या दुपारी पोचल्या, तर विषारी लोंढा खाडीत मिसळून गेलेला असतो. पहिल्या दोन-तीन तासांत स्वच्छ बाटलीत घेतलेला साधा नमुना दुसऱ्या दिवशीच्या महागड्या चाचणीपेक्षा मोलाचा ठरतो.

खाडीलगत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे भरती. ती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि मेलेले मासे वरच्या अंगाला ढकलून खारफुटीत अडकवते. त्यामुळे खच जेथे दिसतो त्याच्या खालच्या बाजूलाही प्रदूषणाचे मूळ असू शकते. नमुना ओहोटीच्या शेवटच्या तासात घ्यावा; तेव्हा नाल्यात वरून येणारे पाणी असते. प्रत्येक नमुन्याबरोबर खारटपणा नोंदवावा. समुद्राच्या पाण्यात हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतात. नमुन्यात १७ निघाले तर निम्मे पाणी समुद्राचे, म्हणजे नाल्यातले प्रदूषक निम्म्यावर पातळ झाले आहे. ही नोंद नसलेला अहवाल कारखान्याला निर्दोष ठरवू शकतो. उधाणाच्या भरतीने तळाचा काळा गाळ ढवळला गेला, किंवा जूनच्या पहिल्या सरीने नाल्यात साचलेली घाण धुऊन आणली, तरी नवे रसायन न सोडता मासे मरतात. म्हणून घटनेआधीच्या दोन दिवसांचा पाऊस आणि भरतीचे वेळापत्रक तपासणीपत्रात हवेच.

घटनास्थळाच्या वरच्या बाजूचा नमुना तुलनेसाठी घ्यावा, हा सर्वमान्य नियम येथे पावसाळ्यानंतर लंगडा पडतो. डोंगरातले झरे आटतात आणि नाल्यात वाहते ते घरगुती किंवा कारखान्याचे सांडपाणीच असते. अशा वेळी प्रत्येक पाइप, चेंबर आणि उपनाल्याचे तोंड यांचे वेगवेगळे नमुने घेऊन त्यांचीच आपसांत तुलना करावी. चेंबरमध्ये उतरू नये. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस जागीच कोसळतो.

मासेही पुष्कळ सांगतात. प्राणवायू कमी पडल्यास ते पहाटे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड काढतात, बहुधा मोठे आधी मरतात आणि हवेतून श्वास घेणारी मरळ तगते. मरळीसह लहानमोठे सगळे भरदुपारी मेले तर विषाचा संशय घ्यावा. बोय, तिलापिया जिवंत असताना कोळंबी व चिंबोऱ्या मेल्या असतील, तर आधी कीटकनाशक तपासावे. सायनाइडने कल्ले भडक लाल होतात, नायट्राइटने रक्त तपकिरी पडते. हे निष्कर्ष तडफडणाऱ्या किंवा नुकत्याच मेलेल्या माशांवरूनच काढावेत. उन्हात फुगलेल्या माशाचे कल्ले काहीही दाखवतात.

विरघळलेला प्राणवायू, सामू (pH, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता) आणि तापमान जागेवरच मोजावे. ३० अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यजीवनासाठी तो किमान ४ असावा लागतो. मीटर नसेल तर विंकलर पद्धत वापरावी: ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहता भरून, नळीचे टोक पाण्याखाली धरून मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिलिलिटर सोडावे. साका (तळाशी बसणारा गाळासारखा पदार्थ) तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर जवळपास नाही. एवढे नदीकाठीच कळते. दुपारचे एकच मोजमाप फसवते: शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते, रात्री तोच खाते. पहाटे पुन्हा मोजावे.

अमोनियाचा आकडा सामूशिवाय निरर्थक असतो. ३० अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग मुक्त, म्हणजे माशांना घातक रूपात असतो. सामू ९ झाला की तो ४० टक्क्यांच्या वर जातो.

बाटल्यांची गल्लत हे अनेक तपासण्या वाया जाण्याचे कारण आहे. धातूंसाठी नायट्रिक आम्ल, तर अमोनिया व सीओडीसाठी (रासायनिक प्राणवायू मागणी) सल्फ्युरिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात. सायनाइडच्या बाटलीत मात्र सोडियम हायड्रॉक्साइड घालून तो १२ च्या वर नेतात. तेथे चुकून आम्ल पडले तर प्राणघातक वायू सुटतो. कीटकनाशकांसाठी गडद काचेची बाटली लागते. बीओडीच्या (जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे जिवाणू घाण कुजवताना खातात तो प्राणवायू) नमुन्यात काहीच घालायचे नसते, तो बर्फात ठेवून लवकर पोचवायचा. भारतात ही चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते. गाळाचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर वेगळा घ्यावा, कारण पाणी वाहून गेल्यावरही जड धातू त्यात टिकतात.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा महापे येथेच असल्याने वाहतुकीत वेळ जात नाही. तरीही जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कोर्टात टिकायचा, तर तो मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो: जागेचा ताबा असलेल्याला नोटीस देऊन, त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत नमुन्याचे दोन भाग करून, दोन्हींवर मोहोर व सह्या घेऊन. कोळीवाड्यातील रहिवाशांनी भरलेली बाटली या कलमाखालचा पुरावा होत नाही. अधिकारी पोचेपर्यंत रंग, वास आणि सामू वेळेसह टिपलेला असला, तर कोणता पाइप आधी तपासायचा हे त्यांना त्यावरून ठरवता येते.