बांधाच्या आतली तिवरं

रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, कांदळवन (खारफुटीचं जंगल) हा शब्द काढला की दोन तट पडतात. शहरातला माणूस संवर्धन म्हणतो, अलिबाग-पेणकडचा शेतकरी म्हणतो, "माझं शेत गेलं." दोघंही खोटं बोलत नाहीत.

जुनं थोडक्यात. खाडीचं खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल, बांध घालून अडवलं, तिथे भात पिकवला. बांध राखायचा तो जोळानं, म्हणजे गावानं मिळून. उधाणात बांधाला खांड (भगदाड) पडली की घरटी माणूस चिखल-पेंढा घेऊन धावायचा. चरीचा शेतकरी संप (१९३३ ते १९३९) याच पट्ट्यातला. तो खोतांविरुद्ध होता, पण पाणी आणि माती यांच्यामधली ही जमीन नेमकी कोणाची, हा वाद त्याहून जुना आहे. पुढे १९४८ आणि १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी बांध सरकारच्या अखत्यारीत गेले. जोळ विरत गेला. उघाड्या (बांधातली पाण्याची दारं) गंजल्या आणि फुटलेल्या खांडी तशाच राहिल्या.

सगळी गुंतागुंत यानंतरची. खारं पाणी वर्षानुवर्षं आत येत राहिलं, भरतीबरोबर बिया आल्या आणि भाताच्या खाचरात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उभी राहिली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीतोड थांबवली आणि मालकी कोणाचीही असो, खारफुटीपासून ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. २६ जुलैचा पूर ताजा होता. मुंबईत भराव टाकणाऱ्यांना वेसण हवीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आदेशाच्या नजरेत तिवर म्हणजे तिवर. मूळच्या खाजणातली कोणती आणि बांध फुटल्यामुळे शेतात शिरलेली कोणती, हा भेद उपग्रहाच्या चित्रातही दिसत नाही. त्यामुळे सातबारावर भातशेती आणि नकाशावर कांदळवन, असा प्रकार झाला. इकडे गावकरी 'खारभूमी' म्हणतात ती बांधामागची लागवडीची जमीन आणि 'खारफुटी' म्हणजे झाड. बातम्यांत मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

२०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मनाई कायम झाली, २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्य कांदळवृक्ष ठरली. आता खांड बुजवायची तर माती लागते ती शेजारच्या खाजणातली, आणि तिथेही तिवरंच आहेत.