नेट बंद करताय? पैसे कुठे अडकतात ते आधी बघा

मे-जून आला, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की आमच्याकडे रोजचे फोन सुरू होतात, "दादा घर बदलतोय, नेट बंद करायचंय, कॅन्सलेशन चार्ज किती?" तर सगळ्यांना एकदाच सांगतो. आमच्याकडे त्या नावाचा चार्ज नाहीये, पण म्हणून पैसे कापले जात नाहीत असं नाही.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते सहा महिन्यांच्या प्लॅनवरून. महिन्याच्या प्लॅनचा रेट ६०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७०८. सहा महिन्यांचे एकदम भरले तर आम्ही ५०० ने लावतो, ३००० अधिक ५४० जीएसटी, ३५४० झाले. आता समजा दोन महिन्यांनी बंद केलं, तर लोक म्हणतात चार महिन्यांचे परत द्या, म्हणजे २३६०. पण तो ५०० चा रेट सहा महिने राहणार म्हणून दिलेला होता ना, त्यामुळे वापरलेले दोन महिने ७०८ ने धरतो, १४१६ कापून २१२४ परत. फरक २३६ रुपयांचा, काही लोकांना तोही जास्त वाटतो, वाटू दे, पण हिशोब समोर मांडून देतो आणि कागदावर देतो.

दुसरं, बॉक्स. ओएनयू (फायबरची वायर ज्यात येते तो डबा) आणि राउटर आमचे आहेत, त्याचं डिपॉझिट घेतलेलं असतं, ते वस्तू परत आली की मिळतं. अडॅप्टरसकट आणा प्लीज, दर दहातले चारजण तो प्लगलाच विसरून येतात आणि मग नवीन भाडेकरूशी फोनाफोनी. भिंतीतली फायबर वायर स्वतः कापू नका, आमचा मुलगा येऊन काढेल, त्याचे पैसे नाहीत.

आणि हो, यूपीआय ऑटोपे लावलेलं असेल तर ते तुमच्याच अ‍ॅपमधून बंद करावं लागतं. आम्ही कनेक्शन तोडलं तरी मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची तुम्ही दिलेली परवानगी, आपोआप जात नाही. बंद करायचं ते फोनवर सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख लिहून पाठवा, म्हणजे "मी तर सांगितलं होतं" हा विषयच येत नाही.

आता दुसऱ्या मोठ्या कंपनीकडून आमच्याकडे येणाऱ्यांसाठी. तिथे बऱ्याचदा "फ्री इन्स्टॉलेशन" असतं आणि अमुक महिन्यांच्या आत सोडलं की तेच फ्री बिलात परत येतं. घाबरून लगेच भरू नका, कोणत्या गोष्टीचे किती ते वेगवेगळं लिहून मागा, आणि साइन-अपच्या वेळी ती अट तुम्हाला दाखवली होती का ते बघा. पटलं नाही तर कस्टमर केअरला तक्रार करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्याच, तो नसेल तर पुढे काही होत नाही. तिथेही समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे जाता येतं, ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) २०१२ च्या नियमात अपीलासाठी ३० दिवस आणि निकालासाठी ३९ दिवस दिलेत. नाहीतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. २०१९ च्या ग्राहक कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट अनफेअर धरली आहे, हे त्यांना नुसतं बोलून दाखवलं तरी बोलण्याचा सूर बदलतो, आम्ही पाहिलंय. (आम्ही पण धंदाच करतो, आम्हालाही हे लागू आहे, तेव्हा आमच्यावरही वापरा.)

फक्त घर बदलत असाल तर बंद करूच नका. नवीन पत्ता पाठवा, वायर पोहोचते का ते एका दिवसात सांगतो, पोहोचत असेल तर उरलेले दिवस तिकडे चालू. पोहोचत नसेल तर त्यात तुमची काही चूक नाही, मग ७०८ चा हिशोब न लावता ५०० च्याच रेटने उरलेले पैसे परत, म्हणजे वरच्या उदाहरणात पूर्ण २३६०.