लेझर स्कॅनर नेमके काय मोजतो?

2024 च्या फेब्रुवारीत अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू वाहतुकीस खुली झाली, तेव्हा तो पूल आणि त्याला जोडला जाणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत सुमारे दीड मीटरचा फरक असल्याचे साऱ्या मुंबईने पाहिले. रेल्वेमार्गावर अधिक उंची सोडण्याच्या अटीमुळे नवा पूल आधीपेक्षा उंच बांधावा लागला, असे महापालिकेने स्पष्ट केले. पुढे बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलण्यात आला आणि जुलैमध्ये दोन्ही पूल जोडले गेले. त्या वेळच्या चर्चेत एक समजूत वारंवार डोकावत होती. लेझरचे यंत्र जागेवर आणले की सारी मापे मिलिमीटरपर्यंत आपोआप हाती येतात, अशी ती समजूत. मुंबईतील कारखान्यांच्या कामात या समजुतीची किंमत रोज मोजावी लागते, म्हणून तिचा नीट विचार करायला हवा.

माहुल-ट्रॉम्बे परिसरातील दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने 1954-55 सालचे आहेत. इतक्या वर्षांत अशा कोणत्याही कारखान्यात असंख्य पाइप बदलले जातात, आधार सरकवले जातात, एखादा व्हॉल्व्ह रात्रीच्या शटडाउनमध्ये, म्हणजे कारखाना बंद असताना, हातभर बाजूला बसवला जातो, आणि यातील प्रत्येक बदल ‘ॲज-बिल्ट’ (प्रत्यक्ष बांधले तसे) शिक्क्याच्या नकाशावर पोहोचतोच असे नाही. नव्या पाइपची रचना त्या नकाशावरून केली, वर्कशॉपमध्ये स्पूल, म्हणजे जोडणीसाठी तयार केलेला पाइपचा तुकडा, तयार झाला आणि क्रेनने उचलल्यावर तो जुन्या फ्लँजपासून (पाइपच्या टोकाची बोल्टने जोडायची चकती) 40 मिलिमीटर दूर राहिला, तर कारखाना बंद ठेवून तिथेच कापाकापी करावी लागते. पुलांमधला दीड मीटर रस्त्यावरून दिसतो. हे 40 मिलिमीटर त्या क्षणापर्यंत कुणालाच दिसत नाहीत. म्हणून रचनेला हात घालण्यापूर्वी प्रत्यक्ष उभे असलेले मोजावे, हे तत्त्व निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो मोजणे म्हणजे काय, हा.

तिपाईवर उभ्या केलेल्या स्कॅनरमध्ये एक आरसा वेगाने उभ्या वर्तुळात फिरतो आणि त्याच वेळी यंत्राचे डोके सावकाश आडवे वळत राहते. प्रत्येक बिंदूसाठी यंत्र एक अंतर आणि दोन कोन नोंदवते, शिवाय परतलेल्या प्रकाशाची तीव्रता. अशा कोट्यवधी बिंदूंचा मिळून बिंदुमेघ तयार होतो. कोन मोजण्याची विद्या जुनी आहे. खरे नवल अंतराचे आहे, आणि त्यावर थोडे थांबलेच पाहिजे.

प्रकाशाचा वेग सेकंदाला 29,97,92,458 मीटर आहे. भिंत एक मिलिमीटर पुढे सरकली तर जाऊन-येऊन प्रकाशाचा मार्ग दोन मिलिमीटरने कमी होतो आणि वेळेत फरक पडतो तो सुमारे 6.7 पिकोसेकंदांचा. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. लांब पल्ल्याचे स्कॅनर प्रकाशाचे स्पंद सोडून त्यांच्या प्रवासाची वेळ मोजतात. कारखान्याच्या आत मात्र बहुधा दुसरी, मला अतिशय सुंदर वाटणारी युक्ती वापरली जाते. लेझरचा प्रकाश अखंड चालू ठेवून त्याची तीव्रता एका ठरावीक लयीत कमी-जास्त केली जाते. ही लय सेकंदाला 10 कोटी वेळा, म्हणजे 100 मेगाहर्ट्झ असेल, तर तीव्रतेच्या या लाटेची लांबी 3 मीटर होते. परत आलेली लाट आणि यंत्रात तयार होणारी लाट यांची तुलना केली की परतलेली लाट किती मागे पडली आहे, म्हणजे तिची फेज किती सरकली आहे, ते कळते. प्रकाश जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापत असल्याने एक पूर्ण आवर्तन दीड मीटर अंतराशी जुळते. आवर्तनाच्या हजाराव्या भागापर्यंत फेज मोजता आली, तर अंतर दीड मिलिमीटरपर्यंत कळले.

येथे एक पेच आहे. 0.4 मीटर, 1.9 मीटर आणि 3.4 मीटर या तिन्ही अंतरांवर फेज तंतोतंत तीच येते, कारण मध्ये किती पूर्ण आवर्तने झाली हे लाट सांगत नाही. उपाय असा की त्याच वेळी 1 मेगाहर्ट्झची दुसरी, संथ लाट पाठवायची. तिचे आवर्तन 150 मीटरला पूर्ण होते, म्हणून कारखान्याच्या पल्ल्यात संदिग्धता उरत नाही. मात्र तिचा हजारावा भाग 15 सेंटिमीटरचा असल्याने ती एकटी निरुपयोगी ठरते. घड्याळाचा तासकाटा ढोबळ वेळ सांगतो आणि मिनिटकाटा सूक्ष्म, तसेच या दोन लाटांचे आहे.

पण 100 मेगाहर्ट्झचे एक आवर्तन 10 नॅनोसेकंदांचे असते आणि त्याचा हजारावा भाग 10 पिकोसेकंदांचा. मग अडचण जिथल्या तिथेच राहिली नाही का? टोटल स्टेशनसारख्या, म्हणजे एकेका बिंदूचे कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या, सर्वेक्षणाच्या उपकरणांत यासाठी परतलेला संकेत 100.01 मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या संकेताशी मिसळतात. दोहोंच्या फरकातून 10 किलोहर्ट्झचा संथ संकेत निर्माण होतो, आणि मिश्रणाचे त्रिकोणमितीय सूत्र मांडून पाहिल्यास मूळ फेज-फरक त्यात जसाच्या तसा उतरलेला दिसतो. आवर्तनाचा काळ मात्र आता 100 मायक्रोसेकंद झाला आणि त्याचा हजारावा भाग 100 नॅनोसेकंद; म्हणजे काळ 10,000 पटींनी ताणला गेला आणि साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आवाक्यात आला. सेकंदाला दहा लाखांच्या घरात बिंदू टिपणाऱ्या स्कॅनरला इतका संथ संकेत परवडत नाही, त्यामुळे तिथे लाटेचे वेगाने नमुने घेऊन गणिताने फेज काढावी लागते. तत्त्व मात्र तेच.

याच युक्तीत तिचा दोषही दडलेला आहे. लेझरचा ठिपका गणितातील बिंदू नसतो. 50 मीटरवर तो एक-दीड सेंटिमीटर रुंद झालेला असू शकतो. पाइपच्या कडेवर पडलेल्या ठिपक्याचा अर्धा प्रकाश पाइपवरून आणि अर्धा मागच्या भिंतीवरून परततो. दोन वेगवेगळ्या फेजच्या लाटांची बेरीज होऊन तिसरीच फेज तयार होते आणि यंत्र जिथे काहीही नाही अशा जागी एक बिंदू प्रामाणिकपणे नोंदवते. कडांभोवतीचे हे खोटे बिंदू गाळावे लागतात. इन्सुलेशनवरचा चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा प्रकाश भलतीकडे परावर्तित करतो, पावसाळ्यात ओले पृष्ठभाग तो शोषून घेतात किंवा भलतीकडे वळवतात, आणि पत्र्याच्या आतला पाइप तर स्कॅनरला दिसतच नाही. स्कॅन झाला की कारखान्याची ‘डिजिटल प्रतिकृती’ तयार झाली, ही जाहिरातीतील भाषा म्हणूनच दिशाभूल करणारी आहे. हाती येते ती त्या दिवशी, त्या जागांवरून दिसलेल्या बाह्य पृष्ठभागांची नोंद.

एका जागेवरून सारे दिसत नाही, म्हणून तिपाई अनेक ठिकाणी मांडावी लागते आणि त्या सर्व स्कॅनची सांधणी करावी लागते. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये कोनाचा केवळ 10 सेकंदांचा, म्हणजे अंशाच्या 360 व्या भागाचा फरक राहिला, तरी 50 मीटरवर तो सुमारे अडीच मिलिमीटर होतो. लांब पाइप-रॅकच्या, म्हणजे पाइप वाहून नेणाऱ्या सांगाड्याच्या, कडेने एकामागून एक स्कॅन जोडत गेल्यास अशा चुका साठत जातात. प्रत्येक सांधा निर्दोष दिसतो आणि अख्खा रॅक किंचित वाकलेला निघतो. त्यावर इलाज एकच: टोटल स्टेशनने आधी मोजून पक्के केलेले कंट्रोल पॉइंट, ज्यांना प्रत्येक स्कॅन बांधला जातो. दिशेसाठी चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही, कारण सभोवतालच्या पोलादाने सुई वळते. कारखान्याच्या शेडमध्ये होकायंत्र धरून ईशान्य कोपरा ठरवणारे आणि त्यावरून यंत्रांच्या जागा बदलायला लावणारे वास्तुतज्ज्ञ या साध्या भौतिकीकडे पाठ फिरवतात, आणि त्यांच्या सल्ल्यासाठी चालू पाइपलाइन हलवणे हा निव्वळ अपव्यय आहे, शिवाय धोकाही.

मुंबईत उंचीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. महापालिकेचे नकाशे टाउन हॉल डेटम (डेटम म्हणजे उंची मोजण्याची शून्य-पातळी) वापरतात, ज्याचा शून्य समुद्रसपाटीच्या वीस मीटरहून अधिक खाली आहे. बंदराचे आकडे चार्ट डेटमवर, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्य-पातळीवर, असतात. कारखान्याच्या आत बहुतेकदा स्वतःची पातळी आणि स्वतःची ‘प्लँट नॉर्थ’, म्हणजे नकाशांसाठी मानलेली उत्तर दिशा, असते, जी खऱ्या उत्तरेशी जुळायलाच हवी असे नसते. जेट्टीवरून कारखान्यात येणाऱ्या आणि वाटेत महापालिकेचा नाला ओलांडणाऱ्या एखाद्या पाइपलाइनच्या नकाशांवर या सर्व पद्धतींचे आकडे एकत्र येऊ शकतात. मोठा फरक लगेच लक्षात येतो. घात होतो तो रूपांतराचा आकडा जुन्या नकाशावरून उचलल्यामुळे राहिलेल्या काही सेंटिमीटरचा. तेथे स्कॅनर कितीही महागडा असला तरी उपयोग नाही, कारण तो उंची मोजतच नाही. तो फक्त स्वतःपासूनचे अंतर आणि कोन मोजतो.

तापमानाचीही नोंद हवी. साधे पोलाद दर अंश सेल्सियसला दर मीटरमागे सुमारे 0.012 मिलिमीटर प्रसरण पावते. 30 मीटर लांबीचा पाइप 100 अंशांनी तापला तर 36 मिलिमीटर वाढतो. चालू कारखान्यात स्कॅन केलेला गरम पाइप आणि शटडाउनमध्ये ज्याला जोडणी करायची तो थंड पाइप यांची टोके एकाच जागी नसतात. चालू कारखान्यात काम करण्यालाही अटी आहेत. नेहमीचे स्कॅनर स्फोटरोधक नसतात, त्यामुळे ज्वलनशील वायूच्या क्षेत्रात वायूचाचणी आणि हॉट वर्क परमिटशिवाय (ठिणगीचा धोका असलेल्या कामाची लेखी परवानगी) ते सुरू करता येत नाहीत.

शेवटी जोडणीच्या जागेचे. एएसएमई बी31.3 या पाइपिंगच्या संहितेनुसार फ्लँजचे समोरासमोरील पृष्ठ 200 मिलिमीटरमागे 1 मिलिमीटरच्या आत समांतर असावे लागतात आणि बोल्टच्या छिद्रांतील सरक 3 मिलिमीटरहून अधिक चालत नाही. बिंदुमेघातील एकेक बिंदू दोन-तीन मिलिमीटरने डळमळतो. फ्लँजच्या पृष्ठावरील हजारो बिंदूंतून प्रतल बसवल्यास हा विखुरलेला दोष बिंदूंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, पण सांधणीतील किंवा चकाकीमुळे आलेला एकाच दिशेचा दोष कितीही बिंदू घेतले तरी घटत नाही. म्हणून अनुभवी अभियंते रॅक, आधार आणि अडथळे बिंदुमेघावरून घेतात, टाय-इनचे, म्हणजे नवा पाइप जुन्याला जोडण्याच्या जागेचे, फ्लँज मात्र त्याच कंट्रोल पॉइंटवरून टोटल स्टेशनने, प्रत्येक बोल्टच्या छिद्रासह, वेगळे मोजतात. आणि इतके करूनही स्पूलच्या एका टोकाला जागेवर कापून वेल्ड करण्यासाठी थोडी लांबी जास्तीची ठेवतात.