आधी हिस्टोग्राम, मग स्लायडर

फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणाऱ्याचा हात बहुधा ब्राइटनेसच्या स्लायडरकडे जातो. फोटो काळपट आलाय, तो उजळायचा, इतका साधा विचार असतो. पण हा स्लायडर सरकवल्यावर आत काय घडतं ते एकदा समजून घेतलं, तर लेव्हल्स, कर्व्ह्ज, लेयर ही नावं घाबरवत नाहीत.

डिजिटल फोटो म्हणजे पिक्सेलची जाळी आणि प्रत्येक पिक्सेलमागे तीन आकडे: लाल, हिरवा आणि निळा. नेहमीच्या ८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक आकडा ० ते २५५ या मर्यादेत असतो. तिन्ही ० असतील तर काळा, तिन्ही २५५ असतील तर पांढरा, तिन्ही सारखे असतील तर करडा. यातून १,६७,७७,२१६ रंग तयार होतात. एडिटिंगचं कोणतंही साधन शेवटी या आकड्यांवरच गणित करतं.

आता ब्राइटनेसचं सर्वांत साधं रूप घ्या: प्रत्येक आकड्यात ४० मिळवायचे. ढगांमधल्या तीन छटा २००, २३० आणि २५० आहेत असं धरू. बेरजेनंतर २४०, २७० आणि २९० हवेत. पण मर्यादा २५५ ची, म्हणून प्रत्यक्षात उरतात २४०, २५५ आणि २५५. फाइल अशीच सेव्ह केली आणि नंतर ४० वजा केले, तर मिळतात २००, २१५, २१५. तीन छटांच्या दोन झाल्या. ढगातला तो बारीक फरक फाइलमधून कायमचा गेला. याला क्लिपिंग म्हणतात, आणि नवशिक्यांचे बरेच फोटो यानंच बिघडतात. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत ब्राइटनेस याहून सौम्यपणे चालतो, पण ‘यूज लेगसी’ हा पर्याय निवडला की जुनीच सरळ बेरीज सुरू होते.

क्लिपिंग डोळ्यांना दिसेलच असं नाही. स्क्रीन किती उजळ ठेवलाय, खोलीत दिवा आहे की ऊन, यावर डोळ्यांचा अंदाज बदलतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या छटांचा आलेख, मात्र बदलत नाही. त्यात डावीकडे ०, उजवीकडे २५५ आणि प्रत्येक छटेचे किती पिक्सेल आहेत ते उंचीनं दाखवलेलं असतं. आलेख उजव्या भिंतीला उंच काट्यासारखा चिकटला असेल, तर उजळ भागातला तपशील गेलाय. डाव्या भिंतीला चिकटला, तर सावल्यांतला. दोन्ही बाजूंना रिकामी जागा असेल तर फोटो धुरकट, फिका दिसतो. ‘आदर्श’ आकाराचा हिस्टोग्राम मात्र शोधत बसू नका. रात्रीच्या फोटोचा आलेख डावीकडे आणि धुक्याचा मधोमध असणं हेच बरोबर आहे.

फिका फोटो सुधारायला लेव्हल्स वापरा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि एल, गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कलर्स मेन्यूमध्ये लेव्हल्स. हिस्टोग्रामखाली तीन त्रिकोण दिसतील. आलेख ३० पाशी सुरू होऊन २२० ला संपत असेल, तर काळा त्रिकोण ३० वर आणि पांढरा २२० वर आणा. सॉफ्टवेअर ३० ला ० करतं, २२० ला २५५ करतं आणि मधल्या छटा त्या प्रमाणात ताणतं. मधला त्रिकोण १.०० वर असतो. तो डावीकडे नेला की दोन्ही टोकं जागेवर राहून मधल्या छटा उजळतात. काळपट फोटोला बहुतेक वेळा हेच हवं असतं. फोटोशॉपमध्ये टोकाचा त्रिकोण ओढताना ऑल्ट दाबून धरलं, तर नेमके कोणते पिक्सेल क्लिप होताहेत ते दिसतं. कर्व्ह्ज हे याच कामाचं अधिक बारीक साधन आहे. लेव्हल्सवर हात बसल्यावर ते शिका.

या ताणण्याची किंमत मोजावी लागते. १९१ छटा २५६ जागांवर पसरल्या की मध्ये फटी राहतात आणि हिस्टोग्राम फणीसारखा दिसू लागतो. थोड्या फटी डोळ्यांना जाणवत नाहीत. पण निळ्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या भागात जास्त ताण दिला की रंगाचे पट्टे उमटतात.

म्हणूनच कॅमेऱ्यात रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरवरची माहिती जवळपास प्रक्रिया न करता साठवणाऱ्या फाइलची, सोय असेल तर ती वापरावी. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक आकड्याला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे ओढाताणीला भरपूर वाव राहतो. तरीही खोल सावल्या उजळल्या की दाणे दिसतात, आणि त्याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये नसून प्रकाशात आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सेन्सरवर एकसारखे पडत नाहीत. त्यांच्या संख्येतला चढउतार साधारण तिच्या वर्गमुळाएवढा असतो. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. सावलीत १०० च पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. सावली उजळताना हा चढउतारही तितकाच वाढतो.

रंगाची झाक काढायला व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर असतो. जी वस्तू प्रत्यक्षात करडी आहे तिच्यावर क्लिक करायचं. तिथले आकडे १८०, १६०, १३० असतील, तर ढोबळमानानं लालला ०.८९ नं आणि निळ्याला १.२३ नं गुणलं की तिन्ही १६० होतात, आणि हाच गुणाकार सगळ्या फोटोला लागू होतो. ड्रॉपर अगदी लख्ख पांढऱ्या जागेवर लावू नका. तिथे एखादा रंग २५५ ला अडकलेला असतो, त्यामुळे खरं प्रमाण हाती लागत नाही आणि सगळा फोटो चुकीच्या रंगाकडे झुकतो.

हे सगळं मूळ चित्रावर न करता वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, करा. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ साली आले, आणि आमच्या मते नवशिक्यासाठी त्याहून महत्त्वाचं काही त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. अ‍ॅडजस्टमेंट लेयरमध्ये आकडे बदललेले दिसतात, पण खालचे पिक्सेल शाबूत राहतात. गिम्पच्या ३.० आवृत्तीपासून तिथेही फिल्टर असे वरून लावता येतात. लेयरला मास्क जोडला की बदल फक्त हव्या त्या भागात ठेवता येतो: मास्क पांढरा तिथे बदल दिसतो, काळा तिथे लपतो, करडा तिथे अर्धवट. चेहरा उजळायचा पण मागचं आकाश तसंच ठेवायचं, तर मास्कवर आकाशाच्या भागात मऊ कडांच्या ब्रशनं काळा रंग फिरवा. कडक कडांचा ब्रश वापरला की जोड लगेच ओळखू येतो.

आकार बदलणं आणि शार्प करणं शेवटी, आणि त्याच क्रमानं. शार्प करणारा अनशार्प मास्क (नावात मास्क असला तरी लेयरच्या मास्कशी संबंध नाही) फोटोची धूसर प्रत बनवतो, ती मूळ आकड्यांतून वजा करतो आणि उरलेला फरक परत मिळवतो. त्यामुळे कडांवरचा विरोध वाढतो. स्क्रीनसाठी रेडियस (कडेभोवती किती रुंदीत) ०.५ ते १ पिक्सेल आणि अमाउंट (किती जोरात) ५० ते १०० टक्के यापासून सुरुवात करा. फोटो १०० टक्के झूमवर पाहा. कडांभोवती पांढरी किनार दिसली तर रेडियस कमी करा. हललेला फोटो मात्र यानं स्थिर होत नाही.

छपाईसाठी ६ बाय ४ इंचांना ३०० पीपीआयनं (दर इंचाला ३०० पिक्सेल) १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. फाइलमधला पीपीआयचा ‘७२’ हा आकडा बदलून ‘३००’ केल्यानं एकही नवा तपशील येत नाही. खरे मोजायचे ते पिक्सेल.

काम चालू असलेली फाइल लेयर जपणाऱ्या पीएसडी (फोटोशॉप) किंवा एक्ससीएफमध्ये (गिम्प) ठेवा आणि जेपेग एकदाच, शेवटी, ८५ ते ९० क्वालिटीवर काढा. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करून त्यातला बारीक तपशील टाकून देतो, आणि बदल करून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा टाकतो. इंटरनेटवर टाकायचा फोटो एसआरजीबी या रंगमापनाच्या प्रमाणात बदलून, प्रोफाइल (आकडे कोणत्या प्रमाणातले आहेत ती माहिती) सोबत जोडून काढा. अपलोड केल्यावर रंग फिके पडले, तर सॅच्युरेशन वाढवण्याआधी फाइल अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या, अधिक विस्तृत प्रमाणातच राहून गेली नाही ना, ते तपासा.