पायरीवर तगलेला मासा

डेव्हिल्स होलमधील पपफिशचा विषय निघाला की त्याच्या चिवटपणाचे कौतुक हटकून होते. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात असलेल्या या कुंडाचे पाणी वर्षभर सुमारे 33 अंश सेल्सियस राहते आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन फारच कमी असतो. तरीही बोटाच्या पेराएवढा हा निळसर मासा निसर्गात केवळ येथेच पिढ्यानपिढ्या टिकून आहे. त्यामुळे तो कशालाही पुरून उरेल, असा समज होतो.

कुंड 130 मीटरहून अधिक खोल असले तरी माशाचा सारा संसार चालतो तो काठालगत, पाण्याखाली जेमतेम बुडालेल्या एका दगडी पायरीवर. ऊन नीट पोहोचते ते तेथेच, म्हणून शेवाळ तेथे वाढते आणि मासे अंडीही प्रामुख्याने तेथेच घालतात. शिवाय हे पाणी पावसाचे साठलेले नसून चुनखडकांच्या भेगांमधून दूरवर पसरलेल्या भूजलाचे उघडे तोंड आहे. पंपाने उपसा सुरू झाला की विहिरीभोवतीची भूजलपातळी नरसाळ्याच्या आकारात खचते, आणि उपसा चालू राहिला तर ते नरसाळे रुंदावत जाते. 1968 पासून काही किलोमीटरवरील शेतासाठी झालेल्या उपशाने कुंडाची पातळी अशीच उतरली. एकूण खोलीच्या मानाने ही घट नगण्य होती, पण पायरी उघडी पडू लागली. अखेर 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपशावरील निर्बंध कायम केले, आणि भिंतीवरील तांब्याच्या खुणेखाली 2.7 फूट ही पातळीची मर्यादा ठरली.

हे कुंड म्हणजे पाताळाचे दार, अशा कहाण्या आजही आवडीने सांगितल्या जातात. भूगर्भातील हालचालींनी फाकलेली चुनखडकातील भेग पुरेशी अद्भुत नाही काय? दूरच्या भूकंपांनीही या पाण्यात लाटा उसळतात आणि पायरीवरील शेवाळ व अंडी धुऊन नेतात. 2024 च्या वसंतात 191 मासे मोजले गेले होते. भूकंपांच्या अशाच तडाख्यांनंतर 2025 च्या आरंभी केवळ 38 दिसले.

परिसरातील इतर झऱ्यांत परक्या माशांचीही भर पडली. डासांवर रामबाण म्हणून मिरवला जाणारा गॅम्बुसिया स्थानिक माशांची पिल्लेही खातो. कॅलिफोर्नियातील टेकोपा पपफिश तर सुमारे 42 अंशांचे पाणी सोसत असे. स्नानगृहांसाठी झऱ्यांचे प्रवाह वळवले गेले, त्यात परके मासे शिरले, आणि 1982 मध्ये तो नामशेष ठरवून संरक्षित प्रजातींच्या यादीतून वगळला गेला.