काराकोरमचे स्थलनिर्देशक सर्वेक्षण

काराकोरम पर्वतरांगेतील शिखरे, हिमनद्या व खिंडी मोजून त्यांचे नकाशे तयार करण्याचे काम. ते १८५० च्या दशकात सुरू झाले.

१८५६ मध्ये टी. जी. मॉन्टगोमेरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने काश्मीरमधील हरमुख पर्वतावरून दोनशेहून अधिक किलोमीटरवरची दोन उंच शिखरे टिपली आणि त्यांना के१, के२ अशा खुणा दिल्या. के१ चे माशरब्रुम हे स्थानिक नाव पुढे रूढ झाले. के२ ला तसे सर्वमान्य नाव मिळाले नाही, म्हणून ती खूणच नाव होऊन बसली.

शिखराची उंची लांबून काढता येते. दोन ठाऊक असलेल्या ठिकाणांहून थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्राने, कोन घेतले, की उरते ते गणित. हिमनदी मात्र कड्यांआड दडलेली असते. तिच्यासाठी तिथवर जावेच लागते. त्यासाठी प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरची फळी आणि तिच्यावर ताणलेला कागद. सर्वेक्षक ओळखीच्या तीन शिखरांवर दृष्टिपट्टी (नेम धरण्याची पट्टी) रोखून कागदावर रेषा मागे ओढतो. त्या जिथे मिळतात, तिथे तो स्वतः उभा असतो. ढग आले की शिखरेही गेली आणि दिवसही. १८६१ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक एच. एच. गॉडविन-ऑस्टिनने बाल्टोरो हिमनदीचा परिसर प्लेन टेबलवरच उतरवला.

चुकाही तशाच झाल्या. गिर्यारोहक टॉम लाँगस्टाफने १९०९ मध्ये सियाचीन हिमनदीचा खरा विस्तार ओळखला, पण तेराम कांग्री शिखराची उंची २७,६१० फूट धरली; १९११ च्या मोजणीत ती २४,५१० भरली. त्याआधी वर्कमन या अमेरिकन शोधक दांपत्याने ‘कॉर्निस’ हिमनदी चहूबाजूंनी पर्वतभिंतीने कोंडलेली असल्याचे सांगितले होते. मग साचणारे बर्फ जाते कुठे, हा साधा प्रश्न उरतोच. १९३७ च्या गिर्यारोहक एरिक शिप्टनच्या मोहिमेत त्याचा साथीदार टिलमन याला तिची बाहेर पडण्याची वाट सापडली. अशा ठिकाणी अंदाजाने ओढलेल्या रेषेपेक्षा कोरा कागद परवडला.

१९२६ मध्ये सर्वेक्षक केनेथ मेसनने काराकोरमच्या शक्सगाम खोऱ्यात फोटो-थिओडोलाइट, म्हणजे कॅमेरा जोडलेला थिओडोलाइट, वापरला. १९३९ मध्ये हिस्पार व बियाफो हिमनद्यांच्या भागाच्या मोजणीत सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा-संस्थेचे फझल इलाही व इनायत खान होते. मोहिमांच्या कथांत अशी नावे फारशी येत नाहीत.

इथला नकाशा लवकर शिळाही होतो. १९५३ मध्ये कुटिया हिमनदी तीन महिन्यांत सुमारे १२ किमी पुढे सरकली. २००० साली अवकाशयानातील रडारने पृथ्वीचा बराच भाग मोजला, तेव्हा उभ्या कड्यांमागच्या सावलीत माहितीची भोके राहिली. ती बुजवताना जुन्या नकाशांतल्या समोच्च रेषाही (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) कामी आल्या.