दोन मारी: एकीने झगा आखूड केला, दुसरीने घेर टाकला

मारी कामार्गो आणि मारी साले. दोघी अठराव्या शतकातल्या बॅले नर्तिका, दोघी पॅरिस ऑपेराच्या, दोघी फ्रांस्वाज प्रेव्होच्या शिष्या आणि दोघींची चित्रं निकोला लांक्रेनेच काढलेली. त्यामुळे बॅलेचा पोशाख बदलणारी 'ती मारी' म्हटलं की एकीचं श्रेय सर्रास दुसरीच्या पदरात पडतं. मला हे फार खटकतं, कारण दोघींना पोशाख नडला तो अगदी वेगवेगळ्या ठिकाणी.

कामार्गो ब्रुसेल्सची, जन्म १७१० चा. १७२६ मध्ये पॅरिस ऑपेरात उतरली आणि पायांच्या चपळाईने गाजली. उंच उडी घ्यायची, हवेतच दोन्ही पाय झरझर एकमेकांच्या मागेपुढे करायचे आणि मग जमिनीवर यायचं, ही 'आंत्रशा' तोवर पुरुषांची मिरास होती. एकदा पुरुष नर्तक वेळेवर आलाच नाही, तेव्हा त्याचा भाग हिने तिथल्या तिथे नाचून काढला, असं सांगतात. पण पायघोळ झग्यात हे पायांचं काम दिसणार कसं? तिने झगा घोट्याच्या वर घेतला. लांक्रेच्या चित्रात नीट पाहा: पावलं मोकळी दिसतात, पण सांगाड्यावर फुगवलेला घेर जिथल्या तिथे आहे. लांबी गेली, रुंदी राहिली.

साले जत्रांमधून खेळ करणाऱ्या घरातली, लहानपणीच लंडनच्या रंगमंचावर नाचलेली. आपल्याकडचे शब्द वापरायचे तर कामार्गो नृत्ताची, म्हणजे निव्वळ पदन्यासाची, साले अभिनयाची. १७३४ च्या जानेवारीत लंडनला कव्हेंट गार्डनमध्ये तिने 'पिग्मॅलियन' सादर केलं, रचनाही तिचीच. शिल्पकाराने घडवलेल्या स्त्रीमूर्तीत जीव येतो आणि शिल्पकार तिला नाचायला शिकवतो, अशी कथा. आता दगडातून नुकती जागी झालेली मूर्ती फुगीर झगा आणि शिरोभूषणं घालून कशी उभी राहील? सालेने घेर काढून टाकला. केस मोकळे सोडले, डोक्यावर एकही दागिना नाही, आणि अंगाभोवती ग्रीक मूर्तीवर असतं तसं साधं मलमलीचं वस्त्र. तो काळ लक्षात घेतला तर याला केवढी हिंमत लागली असेल! लंडनने तिला डोक्यावर घेतलं.

पुढच्याच वर्षी संगीतकार हेंडेलच्या 'अल्चिना' ऑपेरात ती पुरुषी वेशात मदन झाली, तेव्हा मात्र त्याच लंडनने हुर्यो उडवली. ती पॅरिसला परतली आणि फ्रेंच संगीतकार रामोच्या ऑपेरा-बॅलेत गुलाब होऊन नाचली.

दोघींना डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रेंच लेखक व्होल्तेअरचा गोंधळ झाला नव्हता. एकाच कवितेत तो कामार्गोला सांगतो, वनदेवता तुझ्यासारख्या उड्या घेतात. आणि लावण्यदेवता नाचतात त्या सालेसारख्या.